मदत हवी आहे: फ्रानेकरचं आइसिंगा तारांगण

नेदरलँड्समधल्या फ्रानेकरला कोणी जाऊन आलंय का? लोकर विंचरण्याचा धंदा करणाऱ्या आइसे आइसिंगाने १७७४ ते १७८१ या काळात राहत्या घराच्या छताला सूर्यमाला बसवली, ते तारांगण बघायचं आहे. प्रमाण १ मिलिमीटरला १० लाख किलोमीटर, म्हणजे शनी सूर्यापासून जेमतेम १.४ मीटरवर. ग्रह खऱ्या गतीने फिरतात, त्यामुळे तासभर बघत बसलं तरी हललेलं काही दिसणार नाही. खरी मजा माळ्यावर: लाकडी चकत्या, त्यांत दात्यांच्या जागी ठोकलेले हाताने घडवलेले लोखंडी खिळे, आणि हे सगळं चालवणारं एकच लंबकाचं घड्याळ. वर्षाचे आकडे रंगवलेली फळी २२ वर्षांनी बदलावी लागते!

अ‍ॅमस्टरडॅमहून एका दिवसात जाऊन यायचंय. लेवार्डनला आगगाडी बदलताना रेल्वे कंपनीही बदलते, म्हणून तिथे आधीच्या कंपनीच्या कार्ड वाचणाऱ्या खांबावर प्रवासाचं कार्ड लावून चेक-आउट आणि पुढच्या कंपनीच्या खांबावर पुन्हा चेक-इन करायचं. नाहीतर पैसे जास्त कापले जातात. एवढं पक्कं आहे.

आता अडलंय ते असं. सोबत सत्तरीचे काका आहेत, गुडघे दुखतात. माळ्याचा जिना किती उभा आहे, कठडा धरून चढता येईल का? मोठी सॅक ठेवायची सोय आहे का? छत बुटकं, तर फोटोला किती मिलिमीटरची लेन्स पुरते? आणि खोलीतलं निवेदन इंग्रजीत कधी असतं?