मदत हवी आहे: स्ले द स्पायर, दुसऱ्या अंकाच्या वर जाताच येत नाही

फेरीचुकली:

नमस्कार मंडळी.

राहायला चोडण, नोकरी पणजीत, त्यामुळे रोज दोनदा रायबंदरच्या फेरीबोटीची रांग. रांगेत वेळ जावा म्हणून पावसाच्या तोंडावर फोनवर स्ले द स्पायर घेतला. नेट लागत नाही आणि एका हाताने स्कूटर धरून दुसऱ्या हाताने खेळता येतो (फेरीवर उभी स्कूटर, चालती नव्हे). आता चवथसुद्धा होऊन गेली, पण माझा आयर्नक्लॅड (खेळातलं मी घेतलेलं पात्र) मनोऱ्याचा दुसरा अंक काही पार करत नाही. आमच्या जत्रेच्या नाटकातही मी दुसऱ्या अंकालाच झोपतो, ती गोष्ट वेगळी.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: मेगा क्रिटचा २०१९ चा खेळ. राक्षसांनी भरलेला मनोरा, नकाशावर वाट आपण निवडायची, मारामारी पत्त्यांनी. पाळीला पाच पत्ते आणि तीन ऊर्जा, त्यात बसेल ते खेळायचं. जिंकलं की तीन नवे पत्ते समोर येतात, त्यातला एक घ्यायचा. मेलं की परत पहिल्या मजल्यापासून आणि सुरुवातीच्या दहा पत्त्यांपासून.

पत्त्यांत मी ढ नाही हो. चवथीला घर भरलं की ओसरीवर रात्रभर मेंढीकोट चालतं आणि मला भिडू घ्यायला भांडणं होतात. म्हणूनच जास्त लागतं.

कालचंच सांगतो. पहिला अंक, समोर ग्रेमलिन नॉब नावाचा राक्षस, माझा जीव ४१. तो पहिल्या पाळीला नुसता ओरडला. दुसऱ्या पाळीला त्याच्या डोक्यावर १४ चा वार दिसत होता. मी शहाण्यासारखे तीन डिफेंड (बचावाचे पत्ते) टाकले, १५ ब्लॉक, म्हणजे तेवढा मार अडणार. वार पडला २० चा! पाच आत. पुढच्या पाळीला आणखी दोन डिफेंड, तरी सहा आत गेले, वर त्याने मला व्हल्नरेबल करून ठेवलं. मग एकदम ३६. फेरी अजून चोडणच्या बाजूलाच होती.

नॉब वाटेत आला नाही तर दुसऱ्या अंकात जातो आणि तिथे मरतो. पक्षी तिघे तिघे येतात, नाहीतर तो पुस्तकाच्या रूपातला राक्षस भोसकत बसतो. परवा मेलो तेव्हा कॅटमध्ये २९ पत्ते होते: सुरुवातीचे दहाही तसेच, शिवाय बॅरिकेड, दोन बॉडी स्लॅम, डेमन फॉर्म, परफेक्टेड स्ट्राइक, दोन क्लॅश, बाकी फुटकळ. जादूच्या औषधाच्या तिन्ही बाटल्या भरलेल्या होत्या. मोठ्या बॉससाठी राखल्या होत्या.

माझं नेमकं चुकतंय कुठे? पत्ते चुकीचे घेतो की खेळतो चुकीचं? कृपा करून "सरावाने जमेल" असं सांगू नका, सराव भरपूर झालाय.

हुकमाचा गुलाम:

बाब, तुमचं मेंढीकोटच तुम्हाला मारतंय. हसू नका, माझंही हेच झालं होतं.

मेंढीकोटात हुकूम राखून ठेवायची सवय असते. इथे पाळी संपली की हातातले उरलेले पत्ते टाकले जातात, पुढच्या पाळीला नवे पाच. राखायला काहीच नाही. आणि तिथे समोरच्याच्या हातात काय आहे ते कळत नाही. इथे राक्षस डोक्यावर लिहून दाखवतो की आता मारणार आहे, किती मारणार आहे. तो मारणार नसेल त्या पाळीला ब्लॉक टाकणं म्हणजे ऊन पडलेलं असताना छत्री उघडणं.

नॉबचं सांगतो. तो ओरडतो तेव्हाच त्याला एन्रेज मिळतो: त्यानंतर तुम्ही एक स्किल खेळलात की त्याची ताकद दोनने वाढते, आणि ती कमी होत नाही. डिफेंड हे स्किल. तीन डिफेंड म्हणजे सहा, म्हणून १४ चे २० झाले. पुढे आणखी दोन, म्हणजे एकूण दहा. १४ अधिक १० म्हणजे २४, व्हल्नरेबल असल्यामुळे दीडपट, ३६. तुमचाच हिशेब तुमच्यावर उलटला.

तो ओरडत असतानाच्या पाळीला बॅश आणि स्ट्राइक मारा. नंतर डिफेंडला हात लावू नका, मार खात मारत सुटा. त्याचा जीव ऐंशीच्या थोडा वर असतो, पहिल्या अंकात दोन-तीन चांगले अटॅक घेतले असतील तर तो लवकर पडतो. आणि बाटल्या त्याच्यावर फोडा! फेणीसारखं मुरवून काही होत नाही त्यांचं.

अर्धा कप:

वरच्या प्रतिसादाला +१, पण खरा रोग २९ हा आकडा आहे.

सुरुवातीच्या दहा पत्त्यांत दर दोन पाळ्यांनी अख्खा कॅट हातून जातो. २९ मध्ये सहाव्या पाळीपर्यंत थांबावं लागू शकतं. तुमचा डेमन फॉर्म तळाला असेल तर सहाव्या पाळीला येणार, तीनही ऊर्जा खाणार, आणि ताकद त्याच्याही पुढच्या पाळीपासून वाढणार. दुसऱ्या अंकात तेवढा वेळ कोण देतंय?

तीन पत्ते समोर येतात तेव्हा खाली स्किपचं बटण असतं. ते वापरा. मी तर दुसऱ्या अंकात निम्म्या वेळा काहीच घेत नाही. व्यापाऱ्याकडे गेलात की आधी एक स्ट्राइक काढून टाका, पहिल्यांदा ७५ सोनं लागतं, पुढे दर वेळी २५ ने वाढतं. आणि क्लॅश का घेता? हातात सगळे अटॅक असतील तरच तो खेळता येतो, तुमच्याकडे तर चार डिफेंड बसलेत.

पक्ष्यांसाठी सगळ्यांना एकदम लागणारं काहीतरी हवंच. क्लीव्ह साधा पत्ता आहे, पण एका ऊर्जेत सगळ्यांना आठ. व्हर्लविंड मिळाला तर सोन्याहून पिवळं.

फेरीचुकली:

दोघांचेही आभार. क्लॅश घेतला कारण शून्य ऊर्जेत १४ असं लिहिलं होतं, खालची ओळ वाचली नाही. 😅

आता कळतंय, माझा कॅट म्हणजे खतखतें झालं होतं. बॅरिकेड दिसला म्हणून घेतला, डेमन फॉर्म दिसला म्हणून घेतला, दोघांचा एकमेकांशी संबंध काय ते पाहिलंच नाही. फरक एवढाच की खतखत्यात जितक्या भाज्या तितकी चव.

अजून एक. वाटेतल्या शेकोटीपाशी विश्रांती घ्यावी की पत्ता घासून (म्हणजे सुधारून) घ्यावा? मी कायम विश्रांती घेतो.

माडावरचा:

विश्रांतीने एकूण जीवाच्या ३० टक्के मिळतात, म्हणजे आयर्नक्लॅडचे ८० धरले तर २४. शिवाय त्याच्याकडे बर्निंग ब्लड आहे, दर लढाईनंतर सहा आपोआप परत मिळतात. हे बर्निंग ब्लड इतर पात्रांना नाही. म्हणून पहिल्या अंकात जमेल तितकं घासा, बॅश सर्वांत आधी. आणि बॉस पडला की पुढच्या अंकाला जीव पूर्ण भरून मिळतो (वरच्या कठीण पातळ्या सोडून), तेव्हा जीव जपून ठेवण्यात पुण्य नाही.

पहिल्या अंकाचा बॉस कोण ते नकाशाच्या टोकाला आधीच दिसतं. तिथे हेक्साघोस्ट असेल तर आणखी गंमत. त्याचा पहिला मोठा वार तुमच्या जीवावर मोजला जातो: ८० असताना सात-सात सहा वेळा, ४० असताना चार-चार सहा वेळा. म्हणजे त्याच्या आधी झोपून उठलात तर मारही जास्तच.

फेरी मध्येच धक्क्याला लागली तर खेळ बंद करा, काही बिघडत नाही. पुन्हा उघडला की तीच लढाई पहिल्यापासून, पत्तेही त्याच क्रमाने.

हुकमाचा गुलाम:

@माडावरचा, हे शेवटचं सांगायला नको होतं. आता हे मरायला आले की फेरी लागली म्हणून सांगणार.

माडावरचा:

सांगू देत की. तिथल्या रांगेत उभं राहिलायत कधी?

फेरीचुकली:

उशिरा कळवतोय. काल सुट्टी होती, दुपारभर बसलो. अठरा पत्ते, तीन स्ट्राइक काढून टाकलेले, दोन क्लीव्ह, एक अपरकट, एक शॉकवेव्ह. डेमन फॉर्म समोर आला होता, स्किप दाबताना हात थरथरला. नॉब भेटला, एकही डिफेंड टाकला नाही, एक बाटली फोडली आणि १९ जीव शिल्लक ठेवून जिंकलो. ओसरीवरून ओरडलो तर आईला वाटलं फणसाच्या झाडावर माकडं आली.

दुसऱ्या अंकाच्या बॉसपर्यंत पोचलो, म्हणजे माझ्यासाठी नवीनच. चॅम्प होता. निम्म्यापर्यंत सगळं माझ्या मनासारखं, मग त्याला कमजोर करायला मी लावलेलं सगळं त्याने झटकून टाकलं, ताकद वाढवली आणि दोन वारांत मला संपवलं.

चॅम्पसाठी नवा धागा काढू की इथेच विचारू?

अर्धा कप:

इथेच. निम्म्यावर आणायच्या आधी तुमच्या हातात काय होतं, तेवढं लिहा.