पाहुण्याला एका दिवसात दिसत नाही असं तुमच्या गावातलं काय?

आपल्या गावात काय चांगलं आहे असं कोणी विचारलं की आपण पटकन बघायच्या ठिकाणांची यादी देऊन मोकळे होतो. किल्ला, देऊळ, धरण, अमक्याची मिसळ. पण तिथे वर्षानुवर्षं राहणाऱ्या माणसाचा जीव ज्याच्यात अडकलेला असतो ते त्या यादीत बऱ्याचदा नसतंच. मला ते ऐकायचंय. रोजचं असो नाहीतर वर्षातून एकदाचं, लहान असो मोठं असो, फक्त सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्याला जे कळणार नाही असं काहीतरी लिहा. सुरुवात मी करते.

मी वाईची, म्हणजे लग्न होऊन आले पण आता इथलीच. वाई म्हटलं की सगळ्यांना ढोल्या गणपती आणि पिक्चरची शूटिंगं आठवतात. मला सगळ्यात आवडतो कृष्णाबाईचा उत्सव. थंडीत सुरू होतो आणि प्रत्येक घाटाचा वेगळा असतो, एका आळीचा उरकला की पुढच्या आळीचा, त्यामुळे काही आठवडे गावात कुठे ना कुठे मांडव असतोच. संध्याकाळी कीर्तनाला जायचं, घाटावर सतरंजी टाकलेली असते, शेजारी कोण बसलंय ते अंधारात आवाजावरून ओळखायचं. आळीतल्या बायका महाप्रसादाच्या भाज्या चिरायला दुपारपासून विळ्या घेऊन बसतात, आणि त्या दुपारी ज्या गप्पा होतात ना त्यासाठी मी ऑफिसातून हाफ डे टाकते. आणि पावसाळ्यात नदीला पाणी आलं की अख्खं गाव छत्र्या घेऊन बघायला बाहेर. फोनवर विचारणारा पण हेच विचारतो, पाणी गणपतीला लागलं का? त्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलीय, पुराचा लोट तिथे फाटून दोन बाजूंनी निघून जावा म्हणून, आणि पूर असताना पुलावर उभं राहिलं की ते खरंच तसं होताना दिसतं. बांधणाऱ्याला मनापासून नमस्कार करावासा वाटतो.

आता तुम्ही लिहा.

---

कोल्हापूर. आणि माझं उत्तर फुटबॉल.

बाहेरच्यांना खरं वाटत नाही, त्यांच्या डोक्यात आमची कुस्ती आणि तांबडा पांढरा. पण आमच्या तालमींच्याच फुटबॉल टीम आहेत ओ. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, अशी सगळी पेठेपेठेची नावं, आणि तुम्ही कुठल्या पेठेत जन्मला त्यावर तुमची टीम ठरलेली, ती बदलायचा विषयच नाही. आमच्या तालमीत खाली लाल मातीचा हौदा आहे आणि वरच्या कठड्यावर मॅचच्या दुसऱ्या दिवशी जर्स्या वाळत घातलेल्या असतात, मोजे वेगळे, स्टॉकिंग्ज वेगळी, म्हातारे पैलवान त्याच्या खाली बसून कालचा पेनल्टी कसा चुकला ते सांगतात. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की दुपारपासून दुकानदारांचं गिऱ्हाईकाकडे लक्ष नसतं. वर्ल्डकप आला की गल्ली अर्जेंटिना आणि समोरची गल्ली ब्राझील, भिंतीसकट रंगवतात. २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात झाला त्यात आमचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, त्या दिवशी सगळं शहर टीव्हीसमोर होतं. कधी कधी मॅचनंतर पोरांच्यात वाद होतात, ते मला अजिबात पटत नाही, पण तेवढ्यासाठी सगळ्या खेळाला नावं ठेवणाऱ्यांचंही पटत नाही. माझे वडील खेळले, आता भाचा खेळतो, बहीण सगळ्यात पुढच्या रांगेत बसून ओरडते. पुण्यात चांगला पगार मिळत होता, तरी परत आलो त्यात याचा वाटा मोठा आहे.

---

अलिबाग. मला भरती-ओहोटीवर चालणारं आयुष्य आवडतं. बाहेरून येणारे कुलाबा किल्ल्याला चालत जाता येईल का हे मोबाईलवर शोधत बसतात, आमच्याकडे घरातली म्हातारी माणसं तोंडी सांगतात. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पुरी. अष्टमीला सहाला भरती म्हणजे बाराच्या सुमाराला ओहोटी, पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या आसपास म्हणजे संध्याकाळी पाचनंतर वाळू मोकळी. थोडं पुढेमागे होतं पण दिवसाचा अंदाज बरोबर येतो. माझ्या आजीला घड्याळ नीट वाचता यायचं नाही, हे मात्र पक्कं यायचं. माझी मुलगी आता कालनिर्णय बघून स्वतः सांगते आणि मग आम्ही चपला हातात घेऊन निघतो. ओली वाळू पायाखाली कडक असते, तिच्यावर लाटांच्या बारीक बारीक वळ्या उमटलेल्या असतात, त्या तळव्यांना टोचतात आणि पाच मिनिटांत सवय होते.

अजून एक सांगते, इथली चुंबकीय वेधशाळा, पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यामुळे तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या मोजमापांत गडबड होणार म्हणून ती १९०४ ला इथे हलवली. गावाच्या शांतपणाचा असाही उपयोग होतो हे मला फार आवडतं.

---

सोलापूर, पूर्व भाग. आमच्या वाड्यात चार घरं, घरात बोलायच्या भाषा चार. आम्ही तेलुगू, समोर कन्नड, मागे मराठी, कोपऱ्यावर दखनी उर्दू. पोरं भांडताना चारही वापरतात आणि कोणालाच त्यात काही विशेष वाटत नाही. जानेवारीत गड्डा असतो, सिद्धेश्वरांची यात्रा, त्यातले सात नंदीध्वज आणि पांढऱ्या बाराबंदीतली माणसं फोटोत सगळ्यांनी पाहिलीत, पण मला त्याच्या आधीचे दिवस जास्त आवडतात. रात्री जेवणं झाली की नंदीध्वज पेलायचा सराव चालतो. एवढा उंच बांबू एकटा माणूस कमरेच्या पट्ट्यावर तोलून चालतो, बाकीचे हात पुढे करून त्याच्याबरोबर सरकतात, जरा कलला की सगळे एकदम श्वास धरतात. मग कोणीतरी ओरडतं एकदा भक्तलिंग हर्र, आणि सगळी गल्ली बोला हर्र!

---

गोंदिया जिल्हा, गाव लहान आहे म्हणून नाव लिहित नाही. आमच्याकडे सारस आहेत. महाराष्ट्रात हा पक्षी आता आमच्याच भागात उरलाय म्हटलं तरी चालेल. माणसाएवढा उंच, लाल मान, जोडीनेच फिरतो, आणि पावसाळ्यात धानाच्या बांधीत पाण्यातच गवत-काड्यांचा ढीग करून घरटं घालतो, अंडी बहुतेक दोनच. आता विचार करा, रोवणी झालेली आहे, बांधीच्या मधोमध हा पक्षी घरटं करून बसला, आजूबाजूचं थोडं धान त्याने उपटलं, तर शेतकऱ्याने काय करावं? माझे काका तेवढी जागा सोडून देतात. निंदणाला बाया आल्या की त्यांना आधी सांगतात, तिकडे जाऊ नका. कुत्रं फिरकलं की हाकलतात. या कामाचा पुरस्कार नाही की पैसे नाही, पण पिल्लं बाहेर पडली की काका चहाच्या टपरीवर जाऊन सगळ्यांना सांगतात.

आणि हे टिकलंय ते आमच्या तलावांमुळे. भंडारा-गोंदियात कोहळी लोकांनी जुन्या काळी बांधलेले किती तरी तलाव आहेत, मालगुजारी तलाव म्हणतात त्यांना, त्यावर धान होतं, मासोळी होते, उन्हाळ्यात पाखरं तिथेच जगतात. गाळ साचून काही मरायला लागलेत, विजेच्या तारांना आपटून सारस मरतात, हे बघून जीव तुटतो. सकाळी पाच वाजता त्यांची जोडी एकदम ओरडते, तो आवाज दोन गावं पलीकडे जातो. मला अलार्म लागत नाही.

---

नेरूळ. वरचं वाचून राहवलं नाही. आमचे फ्लेमिंगो. हिवाळ्यात खाडीवर येतात, उन्हाळाभर असतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय दर्जा, मिळाला तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले होते, खरंच. बारा मजली बिल्डिंगींच्या मधून तो गुलाबी थवा वळतो तेव्हा बसस्टॉपवरचा एकेक माणूस फोन खाली ठेवतो.

---

मिरजेतून लिहितोय. आमच्या सतारमेकर गल्लीतून रोज क्लासला जातो. पूर्वी शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच चाललंय, २०२४ मध्ये इथल्या सतार-तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. दुकानांत वर पंढरपूरकडचे भोपळे टांगलेले आणि खाली कोणीतरी तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे तारेचा झंकार जुळवत बसलेला. घोडीवर कानस जरा फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा, परत कानस. तास न् तास. मी आतापर्यंत कुणाला घाई करताना बघितलं नाही, गिऱ्हाईकालाही नाही.

आणि मीरासाहेबांच्या उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात रात्र रात्र गाणं असतं. तिकीट नाही, पास नाही. भाजीवाला, डॉक्टर, रिक्षावाला, शेतातून आलेली माणसं, सगळी खाली मांडी घालून, आणि सम चुकली तर मागच्या रांगेतल्या आजोबांनाही कळतं. खाँसाहेब जाऊन बराच काळ लोटला, १९३७ ला गेले ते, तरी मोठमोठे कलाकार तिथे हजेरी लावायला येतात, मानधनाचं नंतर बघतात. वाईच्या ताई, कोल्हापूरचे दादा, तुम्हाला तर दीड-तीन तासांचं अंतर आहे. उरुसाच्या वेळी या, झोपायला आमच्या घरी गच्ची आहे, पण गाणं संपेपर्यंत झोप मिळणार नाही.