बोलीतले शब्द मुलांकडून-पालकांकडून गोळा करून शिकवायचं म्हणतेय, कोणी केलंय का असं?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात आठवी-नववीला मराठी शिकवते, चौदा वर्षं झाली. प्रश्न जरा लांब आहे पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सगळं लिहितेय.

मागच्या महिन्यात आठवीच्या वर्गाला सांगितलं की घरी ज्याने केर काढतात त्याला घरातली माणसं काय म्हणतात ते विचारून या, आजीला विचारा, शेजारी विचारा, गावाकडे फोन करा. मला वाटलं चार-पाच शब्द येतील. दुसऱ्या दिवशी झाडू, केरसुणी, खराटा, शिराई, फडा असं करत करत निम्मा फळा भरला. एका मुलीच्या घरी तेलुगू बोलतात, पद्मशाली कुटुंब आहे, ती आधी गप्पच होती, मग म्हणाली बाई आमच्यात चीपुरु म्हणतात, चालेल का? म्हटलं का नाही चालणार. मग अक्कलकोटकडची एक उठली, तिच्या घरी कन्नड, ती म्हणाली कसबरिगी, आणि कस म्हणजे केर. तर मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला बाई मग आपल्या केरसुणीत पण केर आहेच की. मी इतकी वर्षं शब्दसिद्धीचा धडा घेतेय पण असं कधी कोणी आपणहून पकडलं नव्हतं.

त्यानंतर केरसुणी आणि खराटा एकच की वेगळं यावर वर्गात अर्धा तास भांडण. शेवटी मुलांनीच ठरवलं की केरसुणी मऊ, शिंदीच्या पानांची, घरात वापरायची, आणि खराटा काड्यांचा, अंगणात वापरायचा, म्हणजे हे समानार्थी नाहीतच.

आता मला हे मोठं करायचंय. शंभरेक वस्तू घ्यायच्या, स्वयंपाकघर, शेत, कपडे, पाऊस, नातीगोती, आणि वर्गाच्या ग्रुपवर पालक, जुने विद्यार्थी, दुसऱ्या गावातले शिक्षक या सगळ्यांकडून शब्द मागवून एका गूगल शीटमधे भरायचे. यालाच क्राउडसोर्सिंग म्हणतात असं मुलगा सांगत होता.

पण शिक्षकखोलीत विषय काढला तर फार कोणी खूश नाही. एक म्हणाले परीक्षेत येणार आहे का. दुसऱ्या म्हणाल्या आधीच मुलांची प्रमाणभाषा कच्ची, त्यात हे. आणि एक ज्येष्ठ सर म्हणाले की दहा जणांनी चुकीचं लिहिलं म्हणून ते बरोबर होतं का? हे तिसरं मला लागलं, कारण दोन वर्षांपूर्वी शिक्षकांच्या ग्रुपवर फिरत आलेली प्रश्नपत्रिका मी उत्तरसूचीसकट जशीच्या तशी वापरली होती, त्यात मीठभाकर हा समास समाहार द्वंद्व असताना इतरेतर द्वंद्व दिला होता. मी तसेच गुण दिले. समाहार लिहिणाऱ्या मुलीचा एक गुण कापला आणि ती रडत आली तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती सूची तोवर किती शाळांत गेली असेल देव जाणे, आणि ती कोणी बनवली हेही कुणाला माहीत नाही.

तर प्रश्न असे: आलेले शब्द तपासायचे कोणी? गुण द्यायचे का? आणि हे नेटवर सगळ्यांसाठी खुलं टाकावं का?

---

गजालीवाला

मॅडम, मी सिंधुदुर्गातला, आता निवृत्त आहे. झाडूला आमच्याकडचा एक शब्द लिहून ठेवा, वाढवण. आई संध्याकाळी दिवा लावल्यावर वाढवण हातात घेऊ द्यायची नाही.

हे काम मी नेट नव्हतं तेव्हा खोक्यात चिठ्ठ्या टाकून घेतलं होतं. पहिल्या वर्षी मुलांनी नुसते शब्द आणले आणि सगळं वाया गेलं, कारण सहा महिन्यांनी चिठ्ठी हातात घेतली तर कोणाच्या घरचा, कुठल्या वेळी बोलतात, काही पत्ता नाही. दुसऱ्या वर्षी नियम केला की शब्द एकटा आणायचा नाही, तो ज्या वाक्यात घरी ऐकला त्या वाक्यासकट आणायचा, खाली कोण बोललं, वय साधारण किती, गाव कुठलं. तेव्हा कुठे त्या चिठ्ठ्यांना अर्थ आला.

पुढे वाचनात आलं की ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी अशीच झाली. तिचे संपादक जेम्स मरे यांनी १८७९ साली लोकांना जाहीर आवाहन केलं, पुस्तकं वाचा आणि शब्द ज्या वाक्यात सापडला ते वाक्य चिठ्ठीवर लिहून पाठवा, सोबत पुस्तकाचं नाव आणि साल. लाखो चिठ्ठ्या आल्या. काम १९२८ ला पुरं झालं, मरे त्याआधीच १९१५ मधे गेले. म्हणजे शब्द लोकांनी दिले पण दहा जणांनी लिहिलं म्हणून बरोबर असं तिथेही नव्हतं, चिठ्ठीवरचा पुरावा बघायला संपादक बसलेले होते. तुमच्या ज्येष्ठ सरांना हे सांगा. त्यांची शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर काम बंद करणं हे नाही.

प्रमाणभाषेचं म्हणाल तर माझा अनुभव उलटा. जो मुलगा घरचं खय आणि पुस्तकातलं कुठे यातला फरक बोलून दाखवतो तो लिहिताना कमी चुकतो, कारण त्याला कळलेलं असतं की या दोन जागा आहेत. ज्याला घरच्या शब्दाबद्दल गप्प बसवलं तो दोन्हीकडे अडखळतो.

---

पिवळं पान

मी नागपूरला कॉलेजात शिकवते. तुमच्या तपासायचं कोणी या प्रश्नावर माझा अनुभव सांगते, आधी फसलेला आणि मग जमलेला.

पहिल्यांदा मी बी.ए.च्या मुलांना मराठी विकिपीडियावर लेख लिहायला लावले. हेतू चांगला होता, पण मुलांनी काय केलं तर कुठल्या तरी साइटवरून उतारे उचलून चिकटवले, तिथल्या जाणत्या संपादकांनी ते उडवले, मुलं हिरमुसली आणि त्या स्वयंसेवकांना साफसफाईचं काम लागलं ते वेगळंच. चूक माझी होती, मी तयारी न करता चाळीस जणांना तिथे सोडलं.

मग विकिस्रोतकडे वळले. तिथे कॉपीराइट संपलेली जुनी पुस्तकं (आपल्याकडे लेखक वारल्यानंतर साठ वर्षांनी संपतो) स्कॅन करून ठेवलेली असतात, एका बाजूला पानाचा फोटो आणि दुसऱ्या बाजूला मशीनने ओळखलेला मजकूर. मशीन घ आणि ध मधे गोंधळतं, भ चा म करतं. आपण ओळीनुओळ ताडून दुरुस्त करायचं. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्याने पुन्हा तपासलं की हिरवं, आणि ज्याने पिवळं केलं त्याला स्वतःलाच ते हिरवं करता येत नाही. हा नियम मला इतका आवडला की माझं इथलं नाव त्यावरून घेतलंय.

आणि मॅडम, शुद्धलेखन त्या कामात मुलं जितकं शिकली तितकं माझ्या लेक्चरमधे कधी शिकली नाहीत. एक मुलगा धावत आला, म्हणे पुस्तकात चूक आहे, नांव आणि कांहीं असं छापलंय, दुरुस्त करू का? तिथून विषय निघाला की १९६२ चे नियम येईपर्यंत हे न उच्चारले जाणारे अनुस्वार द्यायची पद्धतच होती, म्हणजे ती चूक नाही, तो काळ आहे, आणि आपण छापलंय तसंच ठेवायचं. पुढचा आठवडाभर मुलं जुने अनुस्वार शोधत होती.

तुमच्या शीटमधे हेच करता येईल. एकीने शब्द भरायचा, दुसऱ्या भागातल्या घरच्या मुलीने तपासायचा, जमलं तर तिच्याही आजीला विचारून, आणि पटलं नाही तर खोडायचं नाही, बाजूला शंका लिहायची. गुण शब्दांच्या संख्येवर अजिबात देऊ नका, नाहीतर मुलं नेटवरून पन्नास शब्द उतरवून आणतील. शंका लिहिण्यावर द्या.

युरोपात २०१७ ते २०२१ एनेटकलेक्ट नावाचं नेटवर्क याच विषयावर चाललं होतं, की मुलं भाषेचा सराव करतातच तर त्यांच्या उत्तरांतूनच शब्दकोशासारखी साधनं का घडवू नयेत. त्यांनी याबद्दल भाषाशिक्षकांनाही विचारलं होतं. तंत्र साधं आहे, काही प्रश्नांची उत्तरं आधीच माहीत असलेली, त्यावरून मुलाला पारखायचं, आणि मधेच काही प्रश्न ज्यांची उत्तरं अजून कोणालाच ठरवता आलेली नाहीत, तिथे बऱ्याच जणांची उत्तरं जुळली की ती घ्यायची.

---

दुपारची शाळा

सगळे उत्साहात आहेत म्हणून दुसरी बाजू मांडते, राग मानू नका.

वर पिवळं पान यांनी सांगितलेलं तंत्र मोठ्या कंपन्यांनी केव्हाच वापरलंय. ड्युओलिंगो हे भाषा शिकवणारं अ‍ॅप २०१२ ला सगळ्यांसाठी सुरू झालं तेव्हा शिकणाऱ्यांकडून वेबवरचे मजकूर भाषांतर करून घ्यायचे आणि ती भाषांतरं विकायची असाच बेत होता. तो पुढे सोडला, पण बऱ्याचशा भाषांचे कोर्स स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं फुकट बांधले. २०२१ मधे तो स्वयंसेवकांचा कार्यक्रम बंद झाला आणि त्याच वर्षी कंपनी शेअरबाजारात गेली. काम करणाऱ्यांत भाषाशिक्षकही होते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, निवडणुकीची कामं, यातून मला वर्गात जो वेळ मिळतो तो मी असा कुठे द्यायचा हे मला नीट ठरवावं लागतं.

आणि मुलांचं काय? आमच्याकडे मधे कोणीतरी सुचवलं की मुलांचे आवाज कॉमन व्हॉइसला (मोझिलाचा लोकांचे आवाज गोळा करणारा प्रकल्प) द्या किंवा भाषिणी या सरकारी भाषा-प्रकल्पाच्या भाषादानात बोलो इंडियावर रेकॉर्ड करा, मराठी पुढे जाईल. मराठी पुढे जावी असं मलाही मनापासून वाटतं, आणि मी स्वतःचा आवाज कॉमन व्हॉइसला दिलाय, दुसऱ्यांचे ऐकून बरोबर-चूकही सांगितलंय. पण तो डेटा कोणालाही कशासाठीही वापरायला खुला असतो, कंपन्यांनाही. मोठं माणूस हे समजून देतं, सातवीतलं पोर बाई म्हणाल्या म्हणून देतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती सांगितली आहे. वर्गात बाईंनी सांगितलं की नाही म्हणायची सोय मुलाला नसते, आणि आपण शिक्षक ते विसरतो.

तुमच्या शीटला माझा विरोध नाही, शब्द गोळा करा. पण मुलांची आडनावं, फोन नंबर, आवाज त्यात नकोत. बोलीवर अभिमान असलेल्या घरालाही आपल्या पोराचं नाव नेटवर नको असू शकतं.

---

सिडनीची शनिवारशाळा

आम्ही इथे दर शनिवारी दोन तास मराठी शाळा चालवतो, सगळे स्वयंसेवक, मी तर व्यवसायाने अकाउंटंट. पुस्तकं मिळायची वानवा, म्हणून प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या गोष्टींच्या साइटवर विसंबून असतो. २०१५ पासून आहे ते, गोष्टी मोफत, चित्रांसकट, आणि कोणीही भाषांतर करून टाकू शकतं. मोठ्या मुलांकडून छोट्या गोष्टी मराठीत करून घेतो. मुलं खरंखुरं काम केल्यासारखी मन लावून करतात, कारण धाकटी भावंडं त्या गोष्टी वाचणार असतात. पण हेही सांगते, खुल्या साइटवरची काही भाषांतरं इंग्रजी वळणाची असतात, मी आधी मोठ्याने वाचून बघते, अडखळले तर ती गोष्ट वर्गात नेत नाही.

पाटीपेन्सिलताई, तुमची शीट झाली तर आम्हाला नक्की द्या. इथल्या मुलांच्या आज्या सगळ्या महाराष्ट्रभर आहेत, जळगावपासून सावंतवाडीपर्यंत. व्हॉइस नोटवर विचारून देऊ. त्या निमित्ताने मुलं आजीशी मराठीत बोलतील, नाहीतर फोनवर हाय आजी, बाय आजी एवढंच होतं.

---

ओवी वेचणारी

नावांबद्दल दुपारची शाळा म्हणतात ते मुलांच्या बाबतीत पटलं, पण देणाऱ्या मोठ्या माणसांचं नाव मात्र जाऊ देऊ नका. गी पॉइट्वां आणि हेमा राईरकर या संशोधकांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आता त्या पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर येतात, आणि तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं. ते नाव वाचलं की ओवी कोणाची तरी होते. आजीला विचारा, नाव लिहिलं तर चालेल का. बहुतेक आज्यांना फार आनंद होतो, आणि नको म्हणाली तर नुसतं गाव लिहा.

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस शाळेत विचार केला आणि असं ठरवलंय.

शंभर वस्तू नाही, वीस घ्यायच्या. शब्द वाक्यासकट आणि गावासकट. मुलांचे फक्त रोल नंबर, तेही वर्गातल्या वहीत, शीटमधे नाही. आजीचं नाव तिला विचारून. प्रत्येक शब्द दुसऱ्या घरातून तपासून येईपर्यंत तो रकाना पिवळा, आणि शंका लिहिण्याला गुण. शीट सध्या खुली नाही टाकत, फक्त सिडनीच्या शाळेला आणि गजालीवाला सरांना देते, तुम्ही तपासणार असाल तर.

दुपारची शाळा ताई, तुमचं वाचून मी पालकांना चिठ्ठी पाठवली, सही करून मागितली आणि नको असेल तर नको असंही स्पष्ट लिहिलं. तीन घरांतून नको आलं. त्या तीन मुलांना तपासनीस केलंय, ती दुसऱ्यांचे शब्द पडताळतायत आणि सगळ्यात जास्त शंका त्यांच्याच आल्यात.

त्या ज्येष्ठ सरांना ऑक्सफर्डच्या चिठ्ठ्यांचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण मधल्या सुट्टीत येऊन म्हणाले गवारीला आमच्याकडे बावच्या म्हणतात, लिहा. मी म्हटलं सर, वाक्य? तर खुर्ची ओढून बसले आणि आई सकाळी शेतात जाताना काय म्हणायची ते सांगायला लागले. तास झाल्याची घंटा झाली तरी आम्ही दोघं तिथेच.

आता पुढची वस्तू ताक घुसळायची रवी आहे. तुमच्या घरी काय म्हणतात, वाक्यासकट सांगा.