जेटेबलमधील स्तंभांच्या क्रमवारीचा कोड सुटसुटीत कसा करावा?

प्रश्न:
जावा स्विंगमध्ये (खिडक्या, तक्ते वगैरे बनवण्याच्या जावाच्या संचात) लिहिलेले ग्रंथालयाचे एक जुने डेस्कटॉप ॲप्लिकेशन माझ्याकडे देखभालीसाठी आले आहे. त्यातील तक्त्यात (जेटेबलमध्ये) नाव, दाखल क्रमांक, वर्गणी, तारीख असे अकरा स्तंभ आहेत. शीर्षकावर क्लिक झाले की माउस लिसनर (क्लिकची दखल घेणारा कोड) स्तंभाचा क्रमांक पाहतो, लांबलचक स्विचमधून (पर्याय निवडणाऱ्या कोडमधून) चढता किंवा उतरता कंपॅरेटर (दोन मूल्यांत आधी कोणते ते ठरवणारा कोड) निवडतो, यादी लावतो आणि सगळे मॉडेल (तक्त्यामागची माहिती) नव्याने भरतो. म्हणजे एकूण बावीस कंपॅरेटर, आणि वापरकर्त्याने स्तंभ ओढून त्याची जागा बदलली की भलत्याच स्तंभाप्रमाणे क्रम लागतो. तक्त्याला आपोआप सॉर्टर जोडणारे सेटऑटोक्रिएटरोसॉर्टर वापरून पाहिले, पण त्यात १०० हा क्रमांक ९ च्या आधी येतो. बावीस कंपॅरेटर न ठेवता हे कसे साधावे?

उत्तर १:
तक्त्यातील ओळींचा क्रम लावणारा टेबलरोसॉर्टर हा जावा ६ पासून, म्हणजे २००६ पासून, स्विंगमध्ये आहे आणि आपले बहुतेक काम तोच करू शकतो. मात्र त्याला स्तंभातील माहितीचा प्रकार कळला पाहिजे. डिफॉल्टटेबलमॉडेल या तयार मॉडेलमधील गेटकॉलमक्लास ही स्तंभाचा प्रकार सांगणारी पद्धत प्रत्येक स्तंभासाठी ऑब्जेक्ट (कोणतीही वस्तू) हेच उत्तर देते, त्यामुळे सॉर्टर प्रत्येक मूल्याचे टूस्ट्रिंग (मजकुरातील रूप) घेऊन मजकुराची तुलना करतो. १०० आधी येण्याचे कारण हेच. ही पद्धत ओव्हरराइड करून (तिच्या जागी आपली लिहून) दाखल क्रमांकासाठी इंटिजर, वर्गणीसाठी बिगडेसिमल आणि तारखेसाठी लोकलडेट असे प्रकार द्यावेत, आणि मॉडेलमध्ये मूल्येही त्याच प्रकारची ठेवावीत. हे प्रकार कंपॅरेबल (आपली तुलना स्वतःच करू शकणारे) असल्याने वेगळ्या कंपॅरेटरची गरज उरत नाही. माझ्या मते आपला कोड वाढला तो क्रमवारीमुळे नव्हे, तर तारखा आणि रकमा मजकूर म्हणून साठवल्यामुळे. दिवस/महिना/वर्ष हे रूप फक्त पडद्यावर हवे असते, तेव्हा ते लोकलडेटसाठी लिहिलेल्या रेंडररमध्ये (मूल्य पडद्यावर दाखवणाऱ्या कोडमध्ये) असावे.

चढता-उतरता क्रम बदलणे आणि ओढलेल्या स्तंभाचा मूळ क्रमांक ओळखणे या गोष्टी आपोआप होतात. शिवाय आधी क्लिक केलेला स्तंभ दुय्यम निकष म्हणून लक्षात ठेवला जातो. अशा निकषांची मर्यादा मुळात ३ असते. रिकामी मूल्ये चढत्या क्रमात सर्वांत आधी येतात.

उत्तर २:
वरील सल्ला योग्य आहे, पण लिसनर काढून टाकण्यापूर्वी निवडलेल्या ओळीचा क्रमांक देणारे गेटसिलेक्टेडरो कोठे कोठे वापरले आहे ते शोधावे. आतापर्यंत मॉडेलच पुन्हा लावले जात असल्यामुळे पडद्यावरील ओळीचा आणि मॉडेलमधील ओळीचा क्रमांक एकच होता. सॉर्टर आल्यावर मॉडेल जागच्या जागी राहते आणि फक्त दिसण्याचा क्रम बदलतो, म्हणून पडद्यावरील क्रमांकावरून मॉडेलमधील क्रमांक देणारी कन्व्हर्टरोइंडेक्सटूमॉडेल ही पद्धत न वापरल्यास एका सभासदावर क्लिक करून दुसऱ्याचीच नोंद खोडली जाईल. काहीच निवडलेले नसताना मिळणारा उणे १ या पद्धतीला दिल्यास सॉर्टर अपवाद फेकतो (चूक दाखवून काम थांबवतो), तेव्हा ती तपासणी आधी करावी.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. प्रकार दिल्यावर स्विच पूर्णपणे काढता आला. नावांच्या स्तंभासाठी मात्र जुन्या कोडमध्ये कंपेअरटू (मजकुराची थेट तुलना करणारी पद्धत) होते आणि त्यात ‘काळे’ हे ‘काशीद’च्या आधी येत असे. तो क्रम दुरुस्त करायचा असल्यास काय करावे?

उत्तर १:
कंपेअरटू युनिकोडमधील (संगणकावरील अक्षरांच्या क्रमांकित यादीतील) क्रमांक पाहते, आणि तेथे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे, तर आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. येथे एक कंपॅरेटर खरोखर आवश्यक आहे. रूलबेस्डकोलेटरला (दिलेल्या नियमांनुसार मजकुराचा क्रम ठरवणाऱ्या जावाच्या कंपॅरेटरला) मराठी वर्णक्रम नियमांच्या रूपात लिहून द्यावा, त्यात स्वरचिन्हे आणि हलन्तही घ्यावेत, आणि तो कोलेटर सेटकंपॅरेटरने फक्त त्या स्तंभाला जोडावा.

उत्तर २:
एक भर घालतो. रक्कम तक्त्यातच बदलता येत असेल, तर बदलानंतर ओळ आपणहून योग्य जागी जात नाही. तसे हवे असल्यास सेटसॉर्ट्सऑनअपडेट्स चालू करावे लागते. टंकलेखन चालू असलेल्या तक्त्यात मी ते बंदच ठेवतो, कारण ओळ नजरेसमोरून निसटली की वापरकर्ता गोंधळतो.