खासदारांना द्यायच्या ठरावासाठी सोसायटीचं पत्र द्यायचं का? (लातूर, आपला ग्रुप)

बी-३०२ ताई: नमस्कार सगळ्यांना. मेसेज मोठा आहे, पण वाचाच. माझा भाऊ निलंगा तालुक्यात मांजरेच्या काठच्या एका गावचा सरपंच आहे. त्यानं आणि शेजारच्या गावांच्या सरपंचांनी ठरवलंय की १ मेच्या ग्रामसभेत सगळ्यांनी एकच ठराव घ्यायचा आणि तो खासदारांच्या हातात द्यायचा. हवामान फिरल्यामुळं पीकही जातंय आणि गावातली मजुरीही जातेय, तर या दोन्हीसाठी संसदेत बोला, असं त्यात लिहिणार आहेत. आपल्या प्रभागाच्या नगरसेविकेलाही त्यांनी सांगितलंय, महापालिकेच्या सभेत असाच ठराव आणा म्हणून. त्या तयार आहेत, फक्त सोसायट्यांची पत्रं जोडून हवीत म्हणतात. आपण पत्र द्यायचं का?

ए-१०४ काका: ताई, राग मानू नका. असे ठराव आजवर लई बघितले. निवेदन देतात, फोटो काढतात, कागद कपाटात जातो. आणि पाऊस काय दिल्लीवाले पाडणार आहेत का?

वकीलसाहेब: काका, पाऊस कुणाच्याच हातात नाही. पण पिकं वाहून गेल्यावर हातात किती पडणार, ते दिल्लीत ठरतं. २०२२ ते २०२६ साठीचे केंद्राचे मदतीचे दर बघा. जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५००, आणि तेही दोन हेक्टरपर्यंत. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर राज्यानं आपले पैसे घालून मर्यादा तीन हेक्टर केली, ते बरं केलं. पण केंद्राचा दर होता तोच राहिला.

बी-३०२ ताई: जिरायतीला म्हणजे एकरी ३,४०० झाले. डीएपी खताची एक गोणीच १,३५० ला येते. भावाचं सोयाबीन तेव्हा काढणीला आलेलं होतं. सात-आठ दिवस पाणी हटलं नाही, उभ्या झाडावर शेंगांना कोंब फुटले. नदीकडच्या पट्ट्यातली माती तर खरवडूनच गेली, खाली नुसता मुरूम दिसतो. पीक पुढच्या साली घेता येतं हो, माती कुठून आणायची?

सचिव काका: मध्येच बोलतो, माफ करा. उद्या टाकी धुणार आहेत, ११ ते ४ पाणी बंद. सकाळीच भरून ठेवा. चर्चा चालू द्या.

मेसवाल्या मावशी: मला टाईप येत नाही, पोरीकडून लिहून घेतेय. शेतीचं बोलणं चाललंय म्हणून सांगते, हे फक्त शेतीचं नाही. २०१६ ला माझ्याकडं क्लासची साठ पोरं जेवत होती. मार्चपासून पाण्याचे हाल सुरू झाले. टँकरवाला दर वाढवत गेला, मी ताटं धुवायचं सोडून पत्रावळ्या आणल्या. मग पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागली. होस्टेलवाल्यांनी पोरांना सांगितलं, गावाकडं जावा. एका आठवड्यात साठाची बारा झाली. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, पण माझ्याकडं पोळ्या लाटायला येणाऱ्या तिघीजणी घरी बसल्या ते कुणी दाखवलं नाही. त्यातली एक नवऱ्यासोबत कोयता घेऊन ऊसतोडीला गेली. शहरातली बाई, जन्मात तिनं ऊस तोडला नव्हता. मुकादमाची उचल अंगावर घेतली, ती फिटता फिटली नाही. तिला मी अजून फोन करते. एवढं त्या पत्रात लिहा.

बी-३०२ ताई: मावशी, लिहिणार. नक्की लिहिणार.

डॉक्टर वहिनी: मला आठवतंय, पहिली पाणीगाडी १२ एप्रिल २०१६ ला आली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. मावशी म्हणतात ते अगदी खरं आहे. लातूरचा अर्धा बाजार क्लासच्या पोरांवर चालतो. मेस, होस्टेल, झेरॉक्स, रिक्षा, सगळं. लातूरला पाणी देणारं धनेगावचं धरण आटलं की या सगळ्यांचा रोजगार आटतो. माझ्याकडून एक मुद्दा घ्या. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांच्या केंद्राच्या आपत्तींच्या यादीत थंडीची लाट होती, उन्हाची लाट नव्हती, वीज पडणंही नव्हतं. राज्याला आपल्या आपत्ती निधीतले १० टक्क्यांपर्यंत पैसे स्थानिक आपत्तीसाठी वापरता येतात, त्यातूनच भागवायचं. वीज पडून माणूस गेलं की मागे राहिलेल्या बाईला यादीतली आपत्ती कुठली हे समजावून सांगणार कोण? मराठवाड्यानं हे मागायचं नाही तर कुणी?

ए-२०३ भाऊ: आमचे मेहुणे परळीच्या थर्मलला, म्हणजे औष्णिक वीज केंद्रात, कंत्राटावर होते. २०१३ ला पाणी नाही म्हणून ते वीज केंद्र बंद पडलं. कोळसा पडलेला होता, पाणी नव्हतं. कायम नोकरीवाल्यांचा पगार चालू राहिला, कंत्राटवाले मात्र दुसऱ्या दिवशी घरी. २०१५ ला परत तेच. म्हणून मला वाटतं, दुष्काळात काम बुडालेल्या कंत्राटी माणसाचं काय, हेही विचारा.

प्राध्यापक सर: उशिरा वाचलं. अमेरिकेत हे झालेलं आहे, म्हणून सांगतो. तिथं २०१४ साली लॉस एंजेलिस, ह्युस्टन आणि फिलाडेल्फियाच्या महापौरांनी हवामानासाठी महापौरांची एक आघाडी केली. जून २०१७ मध्ये ट्रम्प यांनी हवामानाच्या पॅरिस करारातून बाहेर पडायचं जाहीर केलं, तेव्हा शेकडो शहरांनी करार आम्ही पाळतो असं सांगितलं. तिथले महापौर आणि स्थानिक लोकप्रतिनिधी काँग्रेसकडं, म्हणजे त्यांच्या संसदेकडं, हवामान आणि रोजगार एकत्रच मागत आले. ऑगस्ट २०२२ मध्ये मोठा कायदा झाला, हवामान आणि ऊर्जेसाठी सुमारे ३७० अब्ज डॉलर. सौर पॅनेल, बॅटऱ्या, त्यातली कामं, सगळं त्यात होतं. आणि जुलै २०२५ मध्ये नव्या कायद्यानं त्यातल्या बऱ्याच सवलती काढूनही घेतल्या. म्हणजे एकदा निवेदन देऊन थांबता येत नाही, दर अधिवेशनाला मागं लागावं लागतं.

बी-२०१ (बिडकीन): सर, रोजगाराचं आपल्याकडंही आहे की. २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर आणि एथर, दोघांनी ऑरिकमध्ये, म्हणजे इथल्या संभाजीनगरजवळच्या औद्योगिक नगरीत, कारखाने टाकायचं जाहीर केलं. विजेवरच्या गाड्यांचं काम वाढणार आहे. पण लातूर, धाराशिवच्या आयटीआयमधल्या पोरांना बॅटरीचं काम शिकवणारं यंत्र तरी पाहिजे ना वर्गात. मी इथं आलो तेव्हा मला सहा महिने नुसतं बघायलाच लावलं होतं. ठरावात प्रशिक्षणाचं घाला.

वकीलसाहेब: रोजगार हमीचंही घालू. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. दिवस १०० चे १२५ झाले, ही चांगली गोष्ट. पण पूर्वी अकुशल मजुरीचा पूर्ण भार केंद्रावर होता, आता एकूण खर्चात ४० टक्के राज्याचे. आणि पेरणी-काढणीच्या काळात वर्षाला ६० दिवस कामं बंद ठेवायची तरतूद आहे. आता सप्टेंबरसारखा पूर आला, काढायला पीकच उरलं नाही, तर मजुरानं त्या साठ दिवसांत जायचं कुठं? आपत्ती जाहीर झालेल्या तालुक्यात ही बंदी लागू नको, असं नेमकं मागा. गुळगुळीत मागणी केली की उत्तरही गुळगुळीत येतं. खासदार हा विषय शून्य प्रहरात मांडू शकतात, नियम ३७७ खाली मांडू शकतात. लोकसभेची याचिका समितीही आहे.

सचिव काका: दिल्लीकडं मागताना आपल्या गच्चीचंही बघू या. गच्चीवर सौर पॅनेल बसवायच्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट आणि मोटारीचं बिल बघता पुढच्या सभेत विषय घेतो.

ए-१०४ काका: सगळं दोनदा वाचलं. सकाळी मी जरा तोडून बोललो. १९७२ ला मी नऊ वर्षांचा होतो. आई खडी फोडायच्या कामावर जायची, मी तिच्यासोबत. तिथं सुकडी मिळायची, घरी मिलो ज्वारीची लाल भाकरी. आईच्या हाताला पडलेले घट्टे शेवटपर्यंत गेले नाहीत. त्या दुष्काळातल्या कामांवरूनच महाराष्ट्रानं १९७७ ला रोजगार हमीचा कायदा केला, आणि २००५ ला तोच विचार सगळ्या देशाचा कायदा झाला. म्हणजे आपल्याकडच्या खडीच्या ढिगावरून दिल्लीपर्यंत गोष्ट गेलेली आहे. हे मला माहीत असून मी विसरलो होतो. ताई, माझी सही घ्या. पत्र टाईप करायचं असेल तर मी करून देतो, तहसीलमध्ये बत्तीस वर्षं तेच केलं.

बी-३०२ ताई: काका, तुमच्याच हातचं पत्र पाहिजे. नगरसेविकेकडं न्यायलाही तुम्हीच चला.

सचिव काका: ठरलं तर. शनिवारी संध्याकाळी पत्र बी विंगच्या लिफ्टजवळ ठेवतो, रविवारी दहापर्यंत सह्या करा. गावी असाल तर मला कळवा.

मेसवाल्या मावशी: मी भाड्यानं राहते. माझी सही चालते का?

ए-१०४ काका: चालते मावशी. तुमचं २०१६ चं मी पहिल्याच परिच्छेदात घेतोय. त्या तिघीजणींना विचारा, त्याही सही करतील का.