कथेतलं स्थळ: किती लिहायचं आणि कुठे?

प्रश्न
कथा साधारण २२०० शब्दांची आहे. अबोला धरलेले दोन भाऊ वडिलांच्या ऑपरेशनच्या रात्री रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून राहतात, एवढंच कथानक. पहिले ३५० शब्द भिंती, दिवे, वास, शांतता यांत जातात. वाचणारे म्हणतात, वर्णन छान आहे, पण कथा त्यानंतर सुरू होते. ते काढलं तर नुसते संवाद उरतात आणि माणसं अधांतरी वाटतात. काय करावं?

प्रतिसाद १
हीच कथा रेल्वेच्या फलाटावर नेऊन बघा. संवाद फारसे बदलावे लागले नाहीत, तर ३५० शब्द खर्चूनही व्हरांडा कथेत आलेला नाही असं समजा.

मग ही जागा पात्रांना काय करू देत नाही ते लिहून काढा. मोठ्यानं बोलता येत नाही, म्हणजे भांडण दबक्या आवाजातच होणार. निघून जाता येत नाही, डॉक्टर कधीही बाहेर येतील. संमतिपत्रावर सही लागते, म्हणजे घरात निर्णय कुणाचा हा जुना वाद न उकरता वर येतो. कथेतला ताण इथे आहे. भिंतीचा रंग खुशाल गाळा.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. तपशील कसा निवडायचा त्याबद्दल थोडं.

‘व्हरांड्यात उदास शांतता पसरली होती.’ यात उदासी लेखकानंच सांगून टाकली, वाचकाला करण्यासारखं काही उरलं नाही. त्याऐवजी हे बघा: ‘बाकाचा एक पाय आखूड होता. धाकटा उठला की थोरल्याला तोल सावरावा लागे.’ दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, पण एकाच्या हालचालीचा धक्का दुसऱ्याला बसतोच. हाच बाक शेवटी पुन्हा आणा: थोरला झोपलाय म्हणून धाकटा बाकाची कड हातानं दाबून धरत सावकाश उठतो. समेटाचा संवाद लिहायची गरजच पडणार नाही.

रशियन कथाकार चेखव्हनं १८८६ मध्ये भावाला पत्रातून हेच सुचवलं होतं: बांधावर फुटक्या बाटलीची काच चमकलेली दाखव, चांदणी रात्र आपोआप उभी राहील.

आणि बघणारा कोण आहे ते विसरू नका. काळजीत बसलेला माणूस छताचं निरीक्षण करत नाही. तो दाराकडे बघतो, घड्याळाकडे बघतो, पावलांचे आवाज ओळखायला लागतो.

प्रतिसाद ३
सुरुवातीचं वर्णन हा नेहमीच दोष नसतो. भयकथेत वाचकाला आधी त्या जागेत कोंडावं लागतं, तिथे पहिलं पानभर वर्णन चालतं. अमेरिकन कथाकार एडगर अॅलन पो यानं १८४२ मध्ये मांडलेला एकसंध परिणामाचा मुद्दा हाच: पहिल्या वाक्यापासून सगळं एकाच परिणामाकडे जायला हवं. तुमच्या कथेत मात्र परिणाम दोघांमधल्या अंतराचा आहे, म्हणून सुरुवातीला ४०-५० शब्द पुरेत. बाकीचे तपशील प्रसंगांत वाटा, एका वेळी दोन-तीन, आणि सगळे डोळ्यांनी दिसणारे नकोत.

वेळही स्थळाचाच भाग आहे. रात्री दहाची वर्दळ आणि तीनचा शुकशुकाट यांत तोच व्हरांडा वेगळा होतो. पहाटे झाडूचा आवाज आला की ‘रात्र सरली’ लिहावं लागत नाही.

प्रतिसाद ४
शेवटी एकदा फक्त उजेड आणि दिशा तपासायला वाचा. रात्रभर चालणाऱ्या कथांत हमखास चुका होतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि मध्यरात्री माथ्याकडे असतो. शुद्ध द्वितीयेची कोर संध्याकाळीच मावळते, ती रात्री दोनला खिडकीत दिसू शकत नाही. पश्चिमेच्या खिडकीतून सकाळचं ऊन आत येत नाही. असं एक वाक्य खटकलं की वाचक बाकाच्या आखूड पायावरही विश्वास ठेवत नाही. व्हरांड्याचा साधा नकाशा काढून दार, बाक, खिडकी आणि घड्याळ मांडून ठेवा. बसल्या जागेवरून थोरल्याला घड्याळ दिसतं की मान वळवावी लागते, हे त्यावरून लगेच कळेल.