स्पार्क प्लगच्या होलमधून बोल्ट इंजिनच्या सिलेंडरमध्ये पडला, हेड (इंजिनचं वरचं झाकण) न उघडता निघेल का?

प्रश्न: मंडळी लवकर सांगा, मेकॅनिक प्लग बदलत होता आणि इग्निशन कॉइलचा (प्लगला करंट देणारा भाग) १० च्या पान्याचा बोल्ट थेट सिलेंडरमध्ये गेला, आता म्हणतो स्टार्टर मार, उडून बाहेर येईल. मारू का?

सातारकर: अजिबात नको!! बोल्ट पिस्टन आणि हेडच्या मध्ये सापडला तर व्हॉल्व्ह वाकतात, पिस्टन फुटतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ.

गॅरेजवाला: मोबाईलला लागतो तो एंडोस्कोप कॅमेरा आत सोड, बोल्ट कुठे पडलाय ते दिसेल, मग लांब दांड्याचं मॅग्नेट घाल. पिस्टन अॅल्युमिनियमचा असतो त्याला ते चिकटत नाही, पण लायनर (सिलेंडरची आतली भिंत) बिडाचा असेल तर सारखं तिकडेच ओढलं जातं, म्हणून टोक सोडून बाकी दांड्याला टेप गुंडाळ. बोल्ट आडवा आला तर होलमधून निघणार नाही, जोर लावू नको, परत सोडून टोकाकडून धर.

नगरी: आणि तांब्याचा वॉशर पडला असता तर मॅग्नेट बिनकामाचं, तिथे व्हॅक्यूमला बारीक नळी लावायची.

प्रश्नकर्ता: निघाला भावांनो! टेपची आयडिया लागू पडली, मनापासून आभार 🙏

गॅरेजवाला: भारी! पण चालू करण्याआधी कॅमेऱ्याने आत चरे बघ, आणि प्लग लावायच्या आधी इंजिन पान्याने हातानेच दोन फेरे फिरव, कुठे अडलं तर तिथेच थांब.